मुकादम सर आणि स्टोअरची दुसरी चावी

हा लेख मी हौसेने लिहिलेला नाही. आमच्या महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक श्री. हनीफ मुकादम यांना या महिन्यात साठ वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त दोहातल्या त्यांच्या मित्रमंडळींनी आणि खेळाडूंनी गौरवअंक काढायचे ठरवले, तेव्हा सरांनी समितीपुढे एकच अट ठेवली. साठे मॅडम लिहिणार असतील तर अंक काढा, नाहीतर मी स्टेजवर बसणार नाही. समितीने मला दोनदा फोन केला आणि मी दोनदा नाही म्हटले. तिसऱ्या वेळी सर स्वतः माझ्या टेबलापाशी आले.

"मॅडम, प्राचार्यांना माझ्याबद्दल जे लिहून दिलेलंत ना, तेच इथे लिहा. बाकीचे सगळे गोड लिहिणार आहेत. मला डायबेटिस आहे."

तेव्हा जे घडले ते लिहिते. मी या महाविद्यालयाची प्रशासन अधिकारी आहे. सांगलीहून बी.कॉम. करून बाहेर पडले त्याला पस्तीस वर्षे उलटली, आणि त्यातली बहुतेक वर्षे दुसऱ्यांनी दिलेले कागद तपासण्यात गेली. फुटबॉलमधले मला काही कळत नाही. कागदातले कळते, असे मी समजत होते.

सरांची पहिली भेट गेल्या वर्षीच्या ऑगस्टअखेरची. नेमणुकीचे कागद घेऊन ते आले. मूळ गाव श्रीवर्धनजवळ. इथल्या एका शिपिंग कंपनीत तीस वर्षे क्लार्क, आणि दर शुक्रवारी सकाळी अल अझीझियाच्या मैदानावर कोकणातल्या मुलांना फुटबॉल शिकवणे. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी हा माणूस महाविद्यालयाचा मुख्य प्रशिक्षक व्हायला निघाला होता. मी प्रशिक्षकाचा दाखला उलटसुलट पाहिला.

"लॅमिनेशन नवं दिसतंय."

"जुना दाखला गाडीत डॅशबोर्डवर राहिला. जुलै महिना, मॅडम. वितळला."

कारण पटण्यासारखे होते, म्हणूनच मला ते आवडले नाही. दाखला देणाऱ्या कार्यालयाला मी फोन केला. दाखला खरा निघाला. त्याने माझे समाधान झाले नाही.

याला कारण होते. सरांच्या आधीचे प्रशिक्षक अत्यंत गोड बोलत. क्रीडासाहित्याच्या स्टोअरची चावी त्यांच्याकडे असे आणि मालाच्या यादीवर सही माझी. ते नोकरी सोडून गेले, मी स्टोअर उघडले, तर पिशव्या जागच्या जागी होत्या आणि पिशव्यांत चेंडू नव्हते. पिशव्या फुगलेल्या दिसाव्यात म्हणून आत जुने टॉवेल कोंबले होते. त्या दिवसापासून स्टोअरच्या दोन्ही चाव्या माझ्या ड्रॉवरमध्ये राहतात.

मुकादम सरांनी पहिल्याच आठवड्यात दुसरी चावी मागितली. मी नाही म्हटले. त्यांनी पुन्हा कधी मागितली नाही, याचाही मला संशय आला. रोज साडेतीनला ते दोन जिने चढून माझ्याकडे येत आणि आमचे ठरलेले बोलणे होई.

"मॅडम, चावी."

"किती?"

"बारा बॉल, चौदा बिब."

बिब म्हणजे सरावात दोन बाजू ओळखू याव्यात म्हणून घालायची बिनबाह्यांची जाकिटे. ते रजिस्टरमध्ये सही करत. संध्याकाळी परत येत, आणि मी म्हणायच्या आधीच म्हणत, "चला खाली, मोजा." मी जाऊन मोजत असे. पूर्ण मोसमात एक चेंडू कमी पडला नाही. एकदा एक जास्त निघाला. तो शेजारच्या मैदानावरचा होता आणि सरांनी तो त्याच संध्याकाळी नेऊन दिला. पोच घेऊन आले. पोच मी फाइलला लावली.

हिवाळ्याच्या सुरुवातीला ते मक्का-मदिनेला उमऱ्याला जाऊन आले आणि ऑफिसात सगळ्यांना मदिनेच्या खजुरांची पाकिटे वाटली. माझ्या टेबलावरही एक ठेवले. मी परत सरकवले.

"नियमात बसत नाही."

"गिफ्ट नाही मॅडम, तबर्रुक आहे. तुमच्याकडे प्रसाद नाकारतात का?"

"देवळात नाही. ऑफिसात नाकारतात."

ते हसले आणि पाकीट घेऊन गेले. मी नोंद केली: 'खजूर, पाकीट एक, स्वीकारले नाही.' ज्यांची नेमणूक सहा महिन्यांच्या चाचणीवर असते, त्यांचा गुप्त अहवाल मी लिहिते. अशा माणसाने माझ्या टेबलावर खजूर ठेवावेत, हे मी विसरणार नव्हते. अहवाल वाईट गेला तर नोकरी जाते, नोकरीबरोबर व्हिसा जातो, आणि एकोणसाठाव्या वर्षी परत पाठवलेल्या माणसाला आखातात पुन्हा कोणी बोलावत नाही. हे त्यांना माहीत होते आणि मलाही.

मोसमाची सुरुवात लाजिरवाणी होती. पहिल्या तीन सामन्यांत आपण अकरा गोल खाल्ले. चौथ्या सामन्यापासून गोल कमी होऊ लागले. प्राचार्य खूश झाले. मी रजिस्टर पाहिले. वेळापत्रकात दर गुरुवारी सराव लिहिला होता, पण गुरुवारी चावी घेतल्याची एकही नोंद नव्हती. मी सरांना विचारले, "गुरुवारी बॉलशिवाय सराव कसा होतो?"

"गुरुवारी चालायचा सराव असतो."

"कुठे?"

"गर्दीत," ते म्हणाले आणि चावी घेऊन गेले.

त्यांच्याकडे एक काळी वही असे. ती ते कोणाला देत नसत. एकदा सही करताना ती माझ्या टेबलावर उघडी राहिली. मी पान उलटले नाही, समोर होते तेवढेच वाचले. गुरुवारची तारीख, खाली मुलांची नावे, प्रत्येक नावापुढे रेघोट्या आणि शेवटी आकडा. रोशन चौदा. कोणाचे नऊ, कोणाचे सहा. गोलांचे आकडे हे नव्हते. आपल्या संघाने सबंध मोसमात तितके गोल केले नव्हते.

गुरुवारची गर्दी म्हटली की दोहात आधी आठवतो तो सूक वाकिफचा जुना बाजार. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी मी मेट्रोने तिथे गेले. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणजे आठवड्याचा शेवट, थंड हवा, पाय ठेवायला जागा नाही. या बाजारात मरून रंगाची जाकिटे घातलेले म्हातारे हमाल एकचाकी हातगाडीवर लोकांचे सामान वाहतात, हे दोहात राहणाऱ्याला सांगायला नको. मसाल्यांच्या गल्लीत तशीच एक हातगाडी माझ्या समोरून आली. तिच्यावर दोन पोती होती आणि ती ढकलत होता आपल्या संघाचा कर्णधार, रोशन डिमेलो. वसईचे कुटुंब, अल सद्दला राहते, आई इथल्या रुग्णालयात नर्स.

"रोशन, हे काय चाललंय?"

"ट्रेनिंग, मॅम."

"पोत्यात काय आहे?"

"हळद. अँड आय थिंक, धने."

"कोणाचे?"

"अंकलचे, मॅम. सॉरी, गाडी थांबवायची नाही असा रूल आहे," असे म्हणून तो एक बाबागाडी आणि दोन बायका यांच्यामधून कोणालाही न लागता निघून गेला.

ते अंकल म्हणजे मसाल्याचे दुकानदार इस्माईलभाई, मुकादम सरांच्या बहिणीचे यजमान. मी दुकानात शिरले. त्यांनी स्टूल पुढे केले.

"या या मॅडम, बसा. चाय सांगू? पोरां एकदम चांगली आहेत. फक्त परवा एकाने एका गोऱ्या साहेबाच्या पायावर गाडी चढवली. मी आपला सॉरी सॉरी करून एक पाव वेलची दिली."

"ही मुलं तुमचा माल वाहतात?"

"गुरुवारी वाहतात. इकडून गोडाऊन, गोडाऊनमधून इकडे."

मला आणखी काय हवे होते? ज्याच्या नावावर व्हिसा त्याच्याकडेच काम, हा नियम आखातात आल्यावर पहिल्या दिवशी कळतो. वडिलांच्या व्हिसावर राहणारी मुले परक्या दुकानात पोती वाहताना सापडली असती, तर मुले, आईबाप, दुकानदार आणि महाविद्यालय सगळेच अडकले असते. सर समोरच्या चहाच्या दुकानाबाहेर खुर्चीवर बसले होते. मांडीवर काळी वही, हातात पेन्सिल.

"मुलांकडून हमाली करून घेता?"

"हमालीच शिकवतोय, मॅडम."

"म्हणजे कबूल आहे तुम्हाला."

"लिहायचं ते लिहा. पण दहा मिनिटं इथे उभं राहून बघा."

"मी पाहिलं."

"नाही. तुम्ही पोतं बघितलंत."

या उत्तराचा मला राग आला. मी घरी आले आणि अहवाल लिहिला. सरांच्या अटीप्रमाणे त्यातला मजकूर जसाच्या तसा देते: 'श्री. मुकादम हे सरावाच्या नावाखाली विद्यार्थ्यांना आपल्या नातेवाइकाच्या दुकानात विनापरवाना मजुरी करायला लावतात. कोणी किती पोती वाहिली याची नोंद ते स्वतःच्या वहीत ठेवतात. वागणे नम्र आहे. परंतु याआधीच्या प्रशिक्षकांचेही होते. नेमणूक कायम करू नये.' आठवडा सुरू होताच पाकीट चिकटवून प्राचार्यांच्या हातात दिले.

प्राचार्यांनी सरांना बोलावले. काही सांगायचे आहे का, असे विचारले. सर नाही म्हणाले. येत्या शनिवारी गटातला शेवटचा सामना होता. तो होऊन जाऊ दे, रविवारी सकाळी निर्णय देतो, असे प्राचार्यांनी सांगितले. नोकरी जाणार हे कळल्यावर माणूस त्या दिवशी तरी माझ्याकडे येणार नाही, असे मला वाटले होते. साडेतीनला जिन्यावर पावले वाजली.

"मॅडम, चावी."

"तुम्हाला काही म्हणायचं आहे का?"

"हो. बारा बॉल, चौदा बिब."

शनिवारी प्राचार्यांनी मला मैदानावर पाठवले. प्रशिक्षक जाणार असतील तर सामान आधी ताब्यात घ्या, असे त्यांचे म्हणणे. आयुष्यात पाहिलेला तो माझा पहिला पूर्ण सामना. मी खेळाडूंच्या बाकामागे बसून बिब मोजत होते. सर माझ्या पुढे, अगदी हाताच्या अंतरावर उभे. त्यांच्या हातात तीच वही. चेंडू मैदानाच्या त्या टोकाला होता, कोणी गोल करत नव्हते, काही घडत नव्हते, तरी त्यांची पेन्सिल रेघ ओढत होती. मी पाहू लागले. दुसरी रेघ, तिसरी. मग माझे लक्ष त्यांची नजर होती तिकडे गेले. ते चेंडूकडे पाहतच नव्हते, रोशनकडे पाहत होते. रोशनने मान वळवून मागे पाहिले की वहीत रेघ पडत होती. चेंडू त्याच्याकडे येण्याआधी त्याने एकदा डावीकडे पाहिले, रेघ. उजवीकडे पाहिले, रेघ. मग चेंडू आला, आणि मागून दोघे धावून आलेले त्याला आधीच ठाऊक असल्यासारखा तो त्या दोघांच्या मधून, कोणालाही न लागता, बाहेर पडला.

ही चाल मी पाहिलेली होती. मसाल्यांच्या गल्लीत, बाबागाडी आणि दोन बायका यांच्यामधून, हळदीच्या पोत्यासकट. वहीतले ते आकडे पोत्यांचे नव्हते.

सामना एक-एक असा बरोबरीत सुटला आणि तेवढ्यावर आपला संघ प्रथमच शेवटच्या चारांत गेला. मुले नाचत होती. मी रोशनला बाजूला घेतले.

"त्या बाजारात पोती वाहायला तुम्हाला परवानगी कोणी दिली होती?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले की मीच वेडी. "तुम्ही, मॅम. सरांनी लेटर दाखवलं ना आम्हाला. युअर स्टॅम्प वॉज देअर."

रविवारी सकाळी सात वाजता मी कपाट उघडले. फाइल माझ्याच हस्ताक्षरातली: 'क्रीडा, परवानग्या.' पत्र सरांचे. विषय: 'चेंडूशिवाय हालचालीचा सराव, दर गुरुवारी.' दुसऱ्या परिच्छेदात स्थळ, सूक वाकिफ. साधन, हातगाडी व भरलेली पोती. दुकानाचे आणि दुकानदाराचे नाव, शेजारी 'माझे मेहुणे' असे स्पष्ट लिहिलेले. कोणालाही मोबदला नाही. मागे सगळ्या पालकांच्या सह्या. खाली शिक्का माझा, सही माझी. त्या आठवड्यात प्रवेशाच्या अर्जांचा ढीग होता आणि मी विषयाची ओळ वाचून सही केली होती. हे कारण आहे, सबब नव्हे.

ती फाइल दुसऱ्या कोणी मागितली नसती. अर्धा तास ती माझ्यासमोर होती, कपाट उघडे होते आणि ऑफिसात कोणी आलेले नव्हते. एवढेच लिहिते.

आठ वाजता मी फाइल प्राचार्यांपुढे ठेवली आणि अहवाल लेखी मागे घेतला. त्यांनी सही पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. "मिसेस साठे, ये तो आपका ही साइन है." मी म्हटले, "जी." त्यांनी मला लेखी ताकीद दिली, ती माझ्या सेवापुस्तकात आहे आणि योग्य आहे. मुकादम सरांची नेमणूक कायम झाली.

साडेतीनला ते आले. मी चावी हातात धरून ठेवली.

"पत्रावर माझी सही आहे, हे तुम्हाला माहीत होतं. प्राचार्यांसमोर का नाही बोललात?"

"बोललो असतो तर माझी नोकरी राहिली असती आणि तुमची गेली असती."

"आणि मी पत्र काढलंच नसतं तर?"

"तर गेलो असतो श्रीवर्धनला. पण तुम्ही काढणारच होतात. रोज बारा बॉल मोजणारी बाई पत्र सोडेल होय? आणि मॅडम, मागे बघायचं एकदा राहून गेलं म्हणून मी पोरालाही बाहेर काढत नाही."

"रोशनला तुम्ही पढवून पाठवलं होतंत का माझ्याकडे?"

"खलास, मॅडम, पुरे आता," ते हसून म्हणाले. "चावी द्या. पोरं थांबलीत."

या प्रश्नाचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. रोशनही देत नाही. एखाद्याने दुसऱ्यासाठी आपली नोकरी पणाला लावावी, यात त्यांचा काय फायदा होता हेही मी बरेच दिवस शोधले. सापडले नाही. सापडले असते तर लिहिले असते.

सरांची एक चूक मात्र नोंदवलीच पाहिजे. परवानगी असो वा नसो, परक्या दुकानाचा माल मुलांनी वाहायला नको होता. हे मी त्यांना सांगितले आणि त्यांनी लगेच मान्य केले. आता दर गुरुवारी महाविद्यालयाची चार पोती, महाविद्यालयाची वाळू भरून, रजिस्टरमध्ये सही करून सूक वाकिफला जातात आणि परत येतात. इस्माईलभाईंची तक्रार आहे. "मॅडम, माझी माणसं नेलीत आणि वाळू आणून ठेवलीत. वाळूची काय कमी होती इथे?" सरांनी मुलांना ज्यांच्याकडून शिकायला नेले होते, त्या हमालांपैकी एक म्हातारे आता मुलांच्या गाडीबरोबर चालतात आणि चुकले की हाताने खुणा करतात. सर म्हणतात, या माणसांनी सबंध जन्म गर्दीत गाडी ढकलली, कुणाला धक्का लागलेला मी पाहिला नाही, त्यांच्यापुढे मी कसला प्रशिक्षक. हे वाक्य ते खेळाडूंसमोर आणि त्या म्हाताऱ्यांसमोर बोलतात. फक्त माझ्यासमोर बोलले असते तर मी ते येथे लिहिले नसते.

उपांत्य सामना आपण हरलो. गौरवलेखात हे नको, असे समितीने सुचवले होते. हरलो ते हरलो. त्या दिवशीही चेंडू बारा परत आले.

मुकादम सरांनी शंभर वर्षे जगावे. त्यांनी साखर मोजून खावी, औषध वेळेवर घ्यावे आणि दोन जिने दिवसातून दोनदा चढणे आता बंद करावे. साठीनंतर गुडघ्यांवर विश्वास ठेवू नये. त्यांनी जिने चढू नयेत यासाठी मला एकच उपाय सुचला, तो आज अमलात आणला. त्याची नोंद लेखासोबत देते, म्हणजे पुढे कोणाला शंका राहणार नाही.

आज दुपारी साडेतीन वाजता श्री. हनीफ मुकादम यांच्या ताब्यात दिले: क्रीडासाहित्याच्या स्टोअरची दुसरी चावी, एक. स्टोअरचे रजिस्टर, एक, पुढील नोंदी त्यांनी स्वतः करण्यासाठी. मागे घेतलेल्या अहवालाची मूळ प्रत, एक, त्यांच्या मागणीवरून.

त्यांच्याकडून मिळाले: काळी वही, एक, मोसम संपल्यामुळे, वाचण्यासाठी. खजूर, पाकीट एक, स्वीकारले.

स्टोअरमधील चेंडू मोजलेले नाहीत.

विजया साठे
प्रशासन अधिकारी